फोटोवर कुणी हात फिरवलाय का, ते कसं तपासायचं

गेल्या वर्षी आमच्या इमारतीतला एक मुलगा संध्याकाळी मोबाइल घेऊन माझ्या स्टुडिओत आला. ऐरोलीला दोन वर्षं भाड्याने राहिला होता, नुकतीच जागा सोडली होती. डिपॉझिट परत मागितल्यावर मालकाकडून व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, आणि त्यावर सिंकपासून शेगडीपर्यंत गेलेला तडा. खाली एकच ओळ: ओटा बदलावा लागेल, ४०,००० कापतोय.

‘‘ताई, सिंकच्या कोपऱ्यात बोटभर तडा होता, तोसुद्धा मी राहायला आलो तेव्हापासूनचा. एवढा नव्हता. पण फोटोत तर दिसतोय, आता मी काय सांगू?’’

मी ठाण्याच्या नौपाड्यात फोटो स्टुडिओ चालवते. पासपोर्ट फोटोतले डाग काढायचे, लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या मागे आलेला कूलर पुसायचा, मुंबईबाहेर अडकलेल्या आत्याला ग्रुप फोटोत बसवायचं, ही बावीस वर्षं माझी रोजची कामं. जोड कुठे लपवतात आणि घाईत तो कुठे उघडा राहतो, हे त्यामुळे डोळ्यांआधी हाताला कळतं. आजकाल आठवड्यातून एखादा तरी माणूस रिटचिंगऐवजी तपासायला फोटो घेऊन येतो. सोसायटीच्या ग्रुपवरचा बिबट्या, रस्त्याचं काम झाल्याचा ठेकेदाराचा फोटो, मुलीच्या स्थळाचा फोटो. त्या सगळ्यांना मी जे एकेकदा समजावून सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक मोठा स्क्रीन आणि अर्धा तास लागतो.

आधी प्रश्न नेमका करा

‘फोटो एडिटेड आहे का?’ या प्रश्नाने काही हाती लागत नाही. आजचा फोन बटण दाबताच अनेक फ्रेम एकत्र करतो, सावल्या उजळतो, चेहरा मऊ करतो. त्या अर्थाने सगळेच फोटो एडिटेड. विचारायचं ते असं: हा फोटो मला काय मानायला लावतोय, आणि ज्या भागामुळे मी ते मानतोय तो भाग मागाहून घातलाय, पुसलाय किंवा ताणलाय का?

दावा एका वाक्यात कागदावर लिहा. ओट्याच्या फोटोचा दावा होता, ‘तडा सिंकपासून शेगडीपर्यंत आहे’. मग उजेड वाढवलाय का, कडा कापल्यात का, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. माझं सगळं लक्ष तड्यावर. हे वाक्य लिहिलं नाही तर माणूस फोटोभर भटकतो आणि कुठेतरी पुसट कडा दिसली की ‘सापडलं!’ म्हणून ओरडतो.

मूळ फाइल मिळवा

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो वाटेत दाबला जातो. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो पोचेपर्यंत लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो, कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती पुसली जाते, आणि तपासणीला लागणाऱ्या बारीक खुणा धुऊन जातात. चार ग्रुप फिरून आलेल्या फोटोत तर बघण्यासारखं फार थोडं राहतं.

अँड्रॉइड फोनवर फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ ही अक्षरं आणि त्याआधी तारीख असते. ती तारीख फोटो व्हॉट्सॲपवरून आल्याची किंवा गेल्याची. काढल्याची नव्हे. या एका गैरसमजावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये झालेली भांडणं मी ऐकलेली आहेत.

म्हणून पाठवणाऱ्याला सांगा, ‘मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवाल का? मोठा करून नीट बघायचाय.’ व्हॉट्सॲपमध्ये पिनच्या खुणेवर जाऊन गॅलरीऐवजी डॉक्युमेंट निवडलं की फाइल आहे तशी येते. ईमेलही चालतो, पण ‘मूळ आकार’ हा पर्याय ठेवायला सांगा. भाषा मवाळ ठेवा. समोरचा खरा असेल तर उगाच दुखावायला नको, आणि खोटा असेल तर सावध करायला नको. मूळ फाइल दिली नाही म्हणजे लबाडी ठरत नाही. अनेकांना ती कशी पाठवायची हेच माहीत नसतं.

आलेली फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. जे काही कापाल, उजळाल, फिरवाल ते नकलेवर.

त्या मुलाच्या घरमालकांनी आधी स्क्रीनशॉट पाठवला. फोनच्या स्क्रीनएवढंच माप आणि वर वेळ-बॅटरीची पट्टी, म्हणजे स्क्रीनशॉट लगेच ओळखू येतो. पुन्हा विनंती केल्यावर डॉक्युमेंट आलं, पण ते १६०० बाय १२०० पिक्सेलचं आणि आत कॅमेऱ्याचं नाव नाही. म्हणजे हा फोटो आमच्याकडे येण्याआधीच कुठेतरी फिरून आला होता. एवढ्यावरून काही सिद्ध झालं नाही. मी फक्त वहीत लिहून ठेवलं.

हा फोटो आधी कुठे आलाय?

फसवणारे बरेच फोटो मुळात बदललेलेच नसतात. खरा फोटो, खोटा मथळा. ठाण्यात जुलैचा पहिला मोठा पाऊस पडला की वंदना डेपोजवळच्या पाण्याचे जुने फोटो ‘आत्ताचे’ म्हणून फिरायला लागतात. असा फोटो पिक्सेलपर्यंत कितीही खरवडा, छेडछाड सापडणार नाही, कारण ती झालेलीच नाही. म्हणून शोध आधी आणि भिंग नंतर.

गूगल लेन्समध्ये फोटो टाका. मग टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साइटवर टाका. तिथे ‘सगळ्यात जुना’ असा क्रम लावता येतो आणि हा फोटो इंटरनेटवर पहिल्यांदा कधी दिसला याचा अंदाज येतो. यांडेक्स आणि बिंगचे निकाल वेगळे येतात, म्हणून तिथेही एकेकदा. पूर्ण फोटोने काही आलं नाही तर महत्त्वाचा तुकडा कापून शोधा: नुसता बिबट्या, नुसती गाडी, नुसती मागची इमारत. एक फेरी फोटो आरशासारखा उलटा करूनही करा. शोध चुकवायला डावं-उजवं बदलून टाकण्याची युक्ती जुनी आहे.

जुनी प्रत सापडली आणि तिच्यात वादाची वस्तू नसली, तर अर्धा तासही लागत नाही, काम तिथेच संपतं.

नाही सापडली, तर मागचं दृश्य वाचा. घोडबंदर रोडचा ‘आजचा’ फोटो आहे आणि रस्त्यात मेट्रो ४ चे खांबच नाहीत, तर तो कित्येक वर्षांपूर्वीचा. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. तिथला प्रवासी बसलेला डबा त्याआधीच्या तारखेने कुणी दाखवत असेल तर विचारा. दुकानांच्या पाट्या, होर्डिंगवरचा सण, झाडांची पालवी, गाड्यांच्या नंबर प्लेट हे सगळं बोलतं. एमएच ०४ म्हणजे ठाणे, एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई. एखाददुसरी गाडी बाहेरची असणं साहजिक, पण रस्ताभर परराज्यातल्याच प्लेट असतील तर तो रस्ता वाशीतला नसावा. गूगल मॅप्सवर रस्त्याचं दृश्य उघडून इमारतींचा क्रम जुळवायला पाच मिनिटं लागतात.

फाइलच्या आत काय लिहिलंय

कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर एक नोंद लिहितो, तिला एक्झिफ म्हणतात. फोनचं मॉडेल, तारीख-वेळ, शटरचा वेग, चालू असेल तर ठिकाण. आयफोनवर फोटो वर सरकवला की दिसते, गूगल फोटोजमध्येही तसंच, विंडोजवर फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग डिटेल्स. सगळं खोलात बघायचं असेल तर संगणकावर एक्झिफटूल हे मोफत साधन आहे.

यात चार गोष्टी बघते. पहिली, ‘सॉफ्टवेअर’ हा रकाना. तिथे फोटोशॉप किंवा स्नॅपसीड लिहिलं असेल तर फोटो त्यातून गेलाय, एवढंच कळतं. नुसता कापायलाही कुणी ते वापरतं. दुसरी, माप. फोनचा कॅमेरा जे माप देतो त्याच्याशी जुळत नसेल तर फोटो कापलाय किंवा लहान केलाय. तिसरी, छोटी प्रतिमा. काही फायलींच्या पोटात नखाएवढी प्रत ठेवलेली असते, आणि काही जुनी साधनं मोठा फोटो बदलताना ती तशीच सोडतात. एक्झिफटूलने ती बाहेर काढता येते. कधी कधी बदलाआधीचा फोटो तिथे बसलेला असतो.

चौथी मला सगळ्यात आवडते. ठिकाणाची नोंद चालू असेल तर फाइलमध्ये दोन वेळा असतात: कॅमेऱ्याची आणि जीपीएसची. जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. दुपारी ३ ला ठाण्यात काढलेल्या फोटोत जीपीएसची वेळ सकाळी ९:३० च्या जवळपास हवी. तारीख बदलणारा माणूस वरची वेळ बदलतो आणि ही विसरतो. सेकंद-मिनिटांचा फरक चालतो, तासांचा किंवा दिवसांचा फरक चालत नाही.

पण ही सगळी नोंद कुणीही बदलू शकतं, पुसू शकतं. नोंद नीट आहे म्हणून फोटो खरा ठरत नाही आणि नोंद नाही म्हणून खोटा ठरत नाही.

फोटोच्या खाली नकाशा, पत्ता आणि तारीख छापून देणाऱ्या ॲपबद्दल इथेच सांगते. नालेसफाई, खड्डे, झाडं लावली, सगळ्याचे असे फोटो येतात आणि लोक त्या पट्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. ती पट्टी म्हणजे फोटोवर रंगवलेली अक्षरं. फोनला खोटं ठिकाण सांगणारी ॲप सहज मिळतात. पट्टीवरचा पत्ता आणि फाइलमधली नोंद जुळते का बघा, आणि त्याहून महत्त्वाचं, फोटोतली भिंत-झाड-खांब त्या पत्त्यावर खरंच आहेत का ते जाऊन बघा.

आता फोटोकडे बघा

मोबाइलवर नको. संगणकावर किंवा टीव्हीवर जोडून बघा. २०० ते ३०० टक्के मोठा करा आणि डावीकडून उजवीकडे पट्ट्यापट्ट्याने जा, तांदूळ निवडायला बसल्यासारखं. मग फोटो उलटा करा, डोकं खाली पाय वर, आणि पुन्हा एक फेरी. सरळ फोटोत डोळा गोष्ट वाचतो. उलट्यात फक्त आकार, कडा आणि रंग दिसतात. रिटचिंग करताना स्वतःची चूक शोधायला मी हेच करते.

मालकांचा ओटा मी असाच उलटा केला. ग्रॅनाइटवर पांढरे-करडे ठिपके असतात, आणि दगडातले ठिपके कधी एकासारखे एक पडत नाहीत. तड्याच्या वळणापाशी एक ठिपका होता, नखाच्या चंद्रकोरीसारखा, त्याच्या पोटात दोन बारीक टिंबं. चार बोटं पुढे गेले तर तड्याला तसंच वळण, तशीच चंद्रकोर, तशीच दोन टिंबं. पुढे शेगडीजवळ तिसऱ्यांदा तेच, फक्त थोडं तिरकं. तिन्ही तुकडे कापून एकाखाली एक ठेवले. सिंकपाशी असलेला बोटभर खरा तडा उचलून पुढे दोनदा चिकटवला होता.

याला क्लोनिंग म्हणतात आणि घाईच्या फसवणुकीत हीच खूण सगळ्यात जास्त सापडते. ऑगस्ट २००६ मध्ये बैरुतवरच्या बॉम्बहल्ल्यानंतरचा एक फोटो रॉयटर्सला मागे घ्यावा लागला होता. छायाचित्रकाराने धुराचे लोट असेच उचलून वाढवले होते आणि वाचकांना धुरात तेच गोळे पुन्हा पुन्हा दिसले. जुलै २००८ मध्ये इराणच्या क्षेपणास्त्र चाचणीच्या फोटोत तीनाची चार क्षेपणास्त्रं झाली, तीही खालच्या धुळीने उघडी पाडली. धूर, गवत, गर्दी, पाणी, वाळू, दगड, असे भाग असतील तिथे डोळ्यांत तेल घालून बघा. ‘फोरेन्सिकली’ नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं, त्यात क्लोन शोधायची सोय आहे. सारखे तुकडे ते रेघांनी जोडून दाखवतं. मात्र टॉवरच्या खिडक्या, ग्रिल, टाइल्स मुळातच सारख्या असतात, तिथे ते साधन उगाच रेघा मारतं. खऱ्या दोन खिडक्या सारख्या दिसल्या तरी त्यांच्यावरचा डाग, पडदा, उजेडाचा कोन थोडा तरी वेगळा असतो. चिकटवलेल्यात रवा, म्हणजे फोटोतले बारीक दाणे, तोसुद्धा तोच असतो.

कडांचं बघा. माणूस दुसऱ्या फोटोतून आणून बसवला असेल तर केसांच्या बटा, बोटांमधली फट, कोपर आणि कमरेच्या मधली जागा, चष्म्याची काडी इथे जोड दिसतो. तिथे जुन्या पार्श्वभूमीचा रंग बारीक किनारीसारखा अडकून राहतो, किंवा कडा कात्रीने कापल्यासारखी येते. रेषा पुढे जातात का तेही बघा: कठडा, साडीचा काठ, फरशीची सांध. १० मार्च २०२४ ला ब्रिटनच्या राजवाड्याने दिलेला वेल्सच्या राजकन्येचा मुलांसोबतचा फोटो मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी काही तासांत मागे घेतला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत भरली होती ती मुलीच्या बाहीची न जुळणारी कड.

आता उजेड. दिवसा सूर्य एकच. वस्तूचं टोक आणि त्याच्या सावलीचं टोक यांना जोडणारी रेघ काढा, दोन-तीन वस्तूंसाठी. या रेघा एका बिंदूकडे जायला हव्यात किंवा समांतर असायला हव्यात. एखादीच वस्तू वेगळीकडे गेली तर ती पाहुणी. नुसत्या नजरेने ठरवू नका. उतारावर, पायऱ्यांवर सावली वाकते आणि डोळा फसतो. म्हणून पट्टी घेऊन रेघ काढायचीच.

आपल्याकडे सूर्याचं एक स्थानिक गणितही हाताशी आहे. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो आपला शून्य सावली दिवस. आपल्याकडे खरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या पुढेमागे होते. डिसेंबरअखेरीस त्याच वेळी सूर्य दक्षिणेला ४७ अंशांवर असतो, म्हणजे साडेपाच फुटी माणसाची सावली जवळपास पाच फूट, उत्तरेकडे. जूनमध्ये ढग नसले तर ती वीतभरही नाही, आणि तीही दक्षिणेकडे पडते. ‘मे महिन्यात भरदुपारी पाडकाम झालं’ असं सांगणाऱ्या फोटोत माणसांइतक्या लांब सावल्या असतील तर वेळ किंवा महिना खोटा. सनकॅल्क या साइटवर ठिकाण, तारीख, वेळ टाकली की सावलीची दिशा आणि लांबी दोन्ही मिळतात.

रात्रीच्या फोटोत ही रीत लावू नका. रस्त्यावर दहा दिवे, दहा सावल्या. तिथे रंग बघा: पिवळ्या दिव्याखाली उभ्या चार माणसांपैकी एकाचाच चेहरा निळसर पांढरा का, याचं उत्तर फोटोतच कुठेतरी दुकानाच्या ट्यूबलाइटच्या रूपाने दिसायला हवं.

प्रतिबिंबं घाईत कुणी दुरुस्त करत नाही. मासुंदा तलावाच्या काठचा फोटो सरळ धरून काढलेला असेल तर दिव्याचं प्रतिबिंब पाण्यात बरोबर त्याच्या खालीच पडतं. वाऱ्याने लांबतं, तुटतं, पण बाजूला सरकत नाही. आकाशात फटाके घातले आणि पाणी कोरडं राहिलं, असे फोटो दरवर्षी दिसतात. गाडीच्या काचा, चष्मे, स्टीलची भांडी, डोळ्यातल्या उजेडाचा ठिपका, सगळीकडे बघा.

शेवटी रवा आणि धार. एकाच फोटोत एकाच अंतरावरच्या वस्तू साधारण सारख्याच स्पष्ट आणि सारख्याच रवाळ दिसतात. सगळा फोटो रात्रीचा रवाळ आणि मधली एक वस्तू लोण्यासारखी गुळगुळीत, तर तिथे थांबा.

साधनांचा मोह

फोटोफोरेन्सिक्ससारख्या साइटवर ‘एरर लेव्हल ॲनालिसिस’ मिळतं. जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबून साठवलेली असते. दर वेळी सेव्ह केली की थोडी झीज होते. हे साधन फोटो पुन्हा सेव्ह करून कुठे किती झीज झाली ते काळ्यावर उजळ दाखवतं. मागाहून घातलेल्या भागाची झीज वेगळी, ही कल्पना. कल्पना चांगली आहे. पण लोक ते काळं चित्र बघतात, कुठेतरी चकाकतंय म्हणतात आणि निकाल देऊन टाकतात. ठळक कडा, अक्षरं, भडक रंग, बारीक जर असलेली साडी मुळातच चकाकतात. तुलना सारख्याची सारख्याशी करा: कडेची कडेशी, सपाट भिंतीची सपाट भिंतीशी. व्हॉट्सॲपमधून आलेल्या फोटोवर तर ही चाचणी मी करतच नाही. सगळा फोटो नव्याने दाबला गेलेला असतो.

खोट्या संशयाच्या जागाही माहीत हव्यात, नाहीतर खऱ्या माणसावर आळ येतो. पोर्ट्रेट मोड केसांच्या आणि कानाच्या कडा चुकीच्या धूसर करतो. पॅनोरामात चालणाऱ्या माणसाचे पाय तुटतात. नाइट मोडमध्ये हललेल्या हाताला सावलीसारखा दुसरा हात येतो. ही फोनची करणी, माणसाची नव्हे.

एआयने बनवलेला असेल तर

इथे क्लोन किंवा जोड सापडणार नाहीत, कारण सगळा फोटो एकदमच बनलाय. सहा बोटांची खूण आता जुनी झाली. मला अजून उपयोगी पडते ती देवनागरी. दुकानाच्या पाट्या, रिक्षामागची ओळ, बसवरचा फलक मोठा करून वाचा. शिरोरेषा मध्येच तुटलेली, कुठल्याच अक्षराची नसलेली मात्रा, भाषेत नसलेलं जोडाक्षर दिसलं तर जवळपास खात्री धरा. अक्षरं बरोबर आली म्हणून मात्र फोटो खरा ठरत नाही. नवी साधनं भराभर सुधारताहेत. मग जागा तपासा. स्टेशनची पिवळी पाटी, तिच्यावरचा भाषांचा क्रम, प्लॅटफॉर्मची बाजू, मागच्या डोंगराची रेघ या गोष्टी एआय अंदाजाने भरतं आणि रोज तिथून जाणाऱ्याला त्या खटकतात. अशा फोटोसाठी त्या भागात राहणाऱ्या माणसाइतकं चांगलं साधन मला माहीत नाही.

गूगलच्या साधनांनी बनवलेल्या चित्रांत सिंथआयडी नावाची न दिसणारी खूण असते. जेमिनी ॲपमध्ये फोटो टाकून ती आहे का विचारता येतं. काही कॅमेरे आणि ॲप ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’ म्हणजे फोटोच्या जन्मापासूनची सहीबंद नोंद जोडतात, २०२३ मध्ये लायका एम११-पी हा तसा पहिला कॅमेरा आला. या खुणा सापडल्या तर मोलाच्या, नाही सापडल्या तर काहीच कळत नाही. ‘९७ टक्के एआय’ असे आकडे देणाऱ्या साइटवर भिस्त ठेवू नका. माझे स्वतः काढलेले, खूप रिटच केलेले नवरीचे फोटो मी त्यांत टाकून बघितलेत. एक साइट खरा म्हणते, दुसरी बनावट.

आणि असंभव वाटतं म्हणून खोटं, हेही धरू नका. ठाण्यात मॉलमध्ये बिबट्या, असं कुणी म्हटलं तर आज सगळे हसतील. २० फेब्रुवारी २०१९ ला समतानगरच्या कोरम मॉलमध्ये खरोखरच बिबट्या शिरला होता, सीसीटीव्हीत दिसला, आणि पुढे जवळच्या हॉटेलच्या तळघरात वनविभागाने त्याला पकडलं. येऊरचं जंगल उशाशी असलेल्या गावात बिबट्याचा फोटो आला तर हसण्याआधी आणि घाबरण्याआधी वनविभागाला फोन करा. फोटो टाकणाऱ्याला विचारा, कुणी काढला, कुठे उभं राहून, आधीचा-नंतरचा फोटो आहे का. खरा बिबट्या दिसलेला माणूस एकच फोटो काढून थांबत नाही.

फोटोच्या बाहेर पडा

हा शेवटचा प्रश्न प्रत्येक तपासणीत विचारा: तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखवता येईल का? ओट्याच्या प्रकरणात मी मुलाला मालकांवर आरोप करू दिला नाही. त्याने एवढंच लिहिलं, ‘काका, तडा व्हिडिओ कॉलवर दाखवाल का? शेगडीच्या बाजूने दाखवा, मी कारागिराला विचारून खर्च बघतो.’ सोबत आम्ही तीन चंद्रकोरींचं चित्र तयार ठेवलं होतं, ते पाठवावं लागलं नाही. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी, फोटो एजंटने पाठवला होता, आपण नीट बघितला नाही असा निरोप आला आणि पूर्ण डिपॉझिट जमा झालं. खरं काय ते मला ठाऊक नाही.

पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटला तर यातलं काहीच लावू नका. जांभळी नाक्यावरच्या एका दुकानदाराने मला अक्षरांच्या जाडीवरून खोटा स्क्रीनशॉट ओळखायला शिकवा म्हटलं. मी नाही म्हटलं. बनावट ॲप हुबेहूब पडदा दाखवतं, १२ आकडी व्यवहार क्रमांकासह. बघायचं ते स्वतःचं खातं. पैसे जमा दिसले तर माल द्यायचा.

निकाल कसा लिहायचा, पुढे काय करायचं

मी तीनच उत्तरं देते. ‘बदल केल्याचा स्पष्ट पुरावा आहे’, आणि पुरावा काय ते. ‘बदल केल्याची खूण मला सापडली नाही’, याचा अर्थ खरा आहे असा होत नाही. आणि ‘या प्रतीवरून सांगता येत नाही’, जे मी सगळ्यात जास्त वेळा सांगते. पहिलं उत्तर द्यायला निदान दोन वेगळ्या खुणा एकाच जागी बोट दाखवायला हव्यात. तीन ठिकाणी तीच चंद्रकोर हा अपवाद; रवासुद्धा जुळला की दुसरं काही लागत नाही.

प्रकरण पैशाचं, बदनामीचं किंवा पोलिसांत जाणारं असेल तर चॅट डिलीट करू नका, फोन फॉरमॅट करू नका. आलेली फाइल, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसणारा चॅट, सगळं जपा. फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, काढून लिहून ठेवा. फाइल नंतर बदलली नाही हे त्यावरून दाखवता येतं. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यातही हॅशचा रकाना आहे. न्यायालयात माझ्यासारखीचं मत चालत नाही, तिथे पोलिसांमार्फत कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणचा अहवाल लागतो, आणि तो नीट व्हायचा तर त्यांच्या हाती मूळ फोन आणि मूळ फाइल पडली पाहिजे.

पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० वर ताबडतोब फोन करा, तासाभराचाही उशीर नको. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा ठाणे आणि नवी मुंबई पोलिसांच्या सायबर विभागात. कुणा मुलीचा चेहरा नको त्या फोटोवर चिकटवून कुणी पाठवला असेल, तर तो खोटा आहे हे ‘तपासायला’ चार जणांना दाखवू नका. तिच्याजवळ बसा, चॅट जपा, तक्रार तिच्यासोबत जाऊन करा. सज्ञान असेल तर स्टॉपएनसीआयआय या साइटवर फोटो अपलोड न करता तिच्याच फोनवर त्याचा हॅश बनतो आणि सहभागी समाजमाध्यमांना तो रोखायला दिला जातो. अशा फोटोसाठी कुणी स्टुडिओत आलं तर मी शटर अर्धं ओढते, फोटो बघायला मागत नाही, आणि आधी चॅट कसा साठवायचा ते दाखवते.